तिसरी शिट्टी

मी एक जुना कुकर आहे, पाच लिटरचा. आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझी शिट्टी बरोबर आहे. तेव्हाही होती, आजही आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कच्चा भात खावा. पुष्कळांनी खाल्ला आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याआधी मी सपाट पत्रा होतो आणि मला कसलीच महत्त्वाकांक्षा नव्हती. मला दाबून खोल केलं, दोन कान लावले, डोक्यावर झाकण बसवलं. चित्राकाकूंच्या लग्नात एकूण चार कुकर आहेरात आले. तीन पुढच्या लग्नांत देऊन टाकले. मी राहिलो, कारण माझ्या पोटावर काकूंचं नाव कोरलेलं होतं. योग्यतेवर निवड झाली असं मी मानतो.

माझी उमेदीची वर्षं ठाकुर्लीला एका आतल्या गल्लीत गेली. तिथे मी शिट्टी दिली की चार घरं ऐकत. शेजारच्या रंगूबाई आपल्या ओट्यावरून ओरडत, "चित्रा, तिसरी झाली गं. बंद कर, नायतर भाताची पेज होईल." काकू बाहेर गेलेल्या असल्या तर रंगूबाई स्वतः येऊन गॅस बंद करत आणि जाताना माझ्या झाकणावर टिचकी मारत. असा मान फार थोड्या भांड्यांना मिळतो.

मग काकूंचे यजमान हरिहरकाका शाळेतून निवृत्त झाले. त्यांनी एकोणतीस वर्षं गणित शिकवलं होतं. सगळा हिशोब करून त्यांनी माजिवड्याला फ्लॅट घेतला, तोही अगदी रस्त्याला लागून. चौथा मजला, झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली हायवे आणि समोर उड्डाणपूल. "खिडकीत बसलं की अख्खं ठाणं जाताना दिसतं," असं काका पाहुण्यांना सांगत. पाहुणे म्हणत, "काय?" मग काका तेच वाक्य मोठ्याने सांगत.

या घरात माझी बदनामी सुरू झाली. स्वयंपाकघरही रस्त्याच्याच बाजूला. काकांची मुलगी हेमांगी चार शिट्ट्या मोजायची. त्यातली एक माझी, दोन टेम्पोच्या आणि एक कुणाच्या तरी बाइकची असायची. वरण कच्चं राहिलं की दोष माझा. माझं रबर बदललं, मग शिट्टी बदलली, मग पुन्हा रबर. आजार रस्त्याला आणि औषध मला, असं पाच वर्षं चाललं.

त्याच पाच वर्षांत काकांचा रक्तदाब चढत गेला. आधी मीठ कमी झालं. मग पापड बंद झाले. मग लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. काही गुन्हा नसताना गेली, बिचारी. आकडा मात्र खाली येईना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घर कुठे आहे? ते ऐकून त्या काय म्हणाल्या, हे हेमांगीने ओट्याशी उभं राहून काकूंना सांगितलं.

"आई, त्या म्हणाल्या, माणूस झोपला तरी कान जागे असतात. रात्रभर हॉर्न ऐकून शरीर दचकत राहतं, आपल्याला कळतपण नाही. वर्षानुवर्षं असं झालं की हार्टवर लोड येतो. गोळी घ्यायचीच, पण पलंग मागच्या खोलीत हलवा म्हणाल्या."

"मला ऐकूच येत नाही तो आवाज," काका बाहेरून म्हणाले. "सवय झालीय. आणि ती मागची खोली म्हणजे अडगळ. मी काय सुटकेस आहे?"

"बाबा, तुम्ही हट्टी आहात यार."

"मी ठाम आहे. फरक असतो."

काकूंनी डाळ-तांदूळ धुतले, मला गॅसवर चढवलं आणि समोर खुर्ची ठेवली. "बसा. तुम्हाला रस्ता ऐकू येत नाही ना? मग शिट्ट्या मोजा. तीन झाल्या की बंद करा."

काका बोटांवर मोजत बसले. तिसऱ्या बोटावर त्यांनी गॅस बंद केला. मित्रांनो, तोवर मी एकही शिट्टी दिली नव्हती. मी नुकताच घसा साफ करत होतो.

सगळ्यांनी कुरकुरीत खिचडी खाल्ली. काका चावता चावता म्हणाले, "कुकर बिघडलाय. देऊन टाक, नवा आण."

मी त्या क्षणी ठरवलं, आता माघार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी मागच्या खोलीतल्या सुटकेसी बाजूला सारल्या, विजेची शेगडी मांडली आणि मला तिच्यावर बसवलं. दार ओढून घेतलं. "जाण्याआधी बिचाऱ्याची शेवटची परीक्षा," त्या म्हणाल्या. काका पुन्हा खुर्चीत बसले. तिथे पंख्याची घरघर ऐकू येत होती. मी पहिली शिट्टी दिली. काकांनी एक बोट दुमडलं आणि माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. दुसरी दिली. दुसरं बोट अर्धंच दुमडलं गेलं, कारण काकांची मान खाली आली होती. दुपारी कधीही न झोपणारा तो माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता.

तिसरी शिट्टी माझ्या गळ्यापर्यंत आली होती. तिनेच माझी अब्रू परत मिळणार होती.

मी ती गिळली.

हे धोक्याचं आहे, इतर कुकरांनी घरी करून पाहू नये. खाली भात करपला. वासाने काकू आल्या, आधी शेगडी बंद केली, मग काकांकडे पाहिलं आणि पाय न वाजवता परत गेल्या.

काका पाच वाजता उठले. "तिसरी झालीच नाही," ते म्हणाले. "बघ, मी म्हणत होतो. बिघडलाय."

"बरं," काकू म्हणाल्या. "पलंग इकडे आणू का?"

काकांनी उठून खिडकीच्या काचेवर बोट फिरवलं. "आणा," ते म्हणाले. "खिडकी तेवढी पुसून घ्या."

आता काका मागे झोपतात आणि गोळीही घेतात. आकडा थोडा उतरलाय. नवा कुकर आला नाही, काकूंनी येऊ दिला नाही. मी आहे तिथेच आहे, बिघडलेला म्हणून. मित्रांनो, तुमच्या घरी शिट्ट्या मोजता येत नसतील तर कुकरवाल्याला बोलावू नका. आधी खिडकीबाहेर बघा, मग घरातलं कोण कुठे झोपतं ते बघा. आणि मोठे होऊन गाडी चालवाल तेव्हा हॉर्नवर हात ठेवण्याआधी आठवा, एका कुकराने आपली शिट्टी गिळली होती. तुम्हाला काय जड आहे?

माझी शिट्टी बरोबर आहे. काकांना मात्र सांगू नका. झोपू द्या.