नऊ विहिरी, आठ कोरे रकाने

मला हात नाहीत, पाय नाहीत, गंज चढायला पत्रासुद्धा नाही. तरी मित्रांनो, मी एक जुनं पॅकेज आहे! आर नावाची संगणकाची एक भाषा आहे. तिच्यात आकडेमोड करणाऱ्यांना दरवेळी सगळं नव्याने लिहायला लागू नये, म्हणून माझ्यासारखी तयार पॅकेजं असतात. माझं नाव 'पाणीपाळी'. विहिरींची मापं द्या, कोणत्या वाडीला टँकर आधी पाठवायचा ते मी क्षणात सांगायचो.

माझा जन्म सोलापूरचा, सात रस्ता चौकाजवळच्या एका खोलीतला. कॉलेजात संख्याशास्त्र शिकणाऱ्या सिद्धेश्वरीने मला लिहिलं. तिची मैत्रीण वैदेही माझ्या चाचण्या घ्यायची, म्हणजे बनवलेली मापं देऊन माझं उत्तर बरोबर येतं का ते बघायची.

"सिद्धे, रकाना कोरा आला तर गं?" तिने एकदा विचारलं.

"कोरा म्हणजे माप घ्यायचं राहिलं. तो सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची."

"कुणाला विचारलंस?"

"आता विहिरीला विचारू का? लई शंका काढतीस की तू! शुक्रवारी सोडायचंय ह्याला."

वैदेही हसली. मीही खूश! एकशे चार चाचण्या, सगळ्या पास. शुक्रवारी मला सगळ्यांसाठी खुलं केलं. कुणीही फुकट वापरा, आतली ओळ न् ओळ वाचा, चूक दिसली तर सांगा. किती कौतुक झालं माझं! टँकर ठरवणाऱ्या एका कार्यालयानेही मला घेतलं. आतल्या ओळी मात्र कुणी वाचल्या नाहीत.

मैंदर्गीकडच्या एका वाडीत मल्लप्पा त्या कार्यालयासाठी विहिरी मोजायचा. दोरीला दगड बांधून आत सोडायचा; दोरी जेवढी भिजेल तेवढे फूट पाणी. त्या एप्रिलमध्ये नऊपैकी आठ विहिरींतून दोरी कोरडी वर आली. एकीत अकरा फूट होतं, तेही खारं. मल्लप्पाने अकरा लिहिले आणि आठ रकाने कोरे सोडले.

ते आठ मी गाळले. सरासरी आली अकरा फूट. मित्रांनो, सगळ्यात तहानलेली वाडी मी यादीत सगळ्यात खाली टाकली.

एकोणीस दिवस टँकर आला नाही. विसाव्या दिवशी मल्लप्पाची अक्का, निंगव्वा, तळातलं पाणी वाटीने खरवडायला विहिरीत उतरली. पायरीचा दगड निसटला. वर काढली तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

बातमी कळली तशी सिद्धेश्वरी वाडीत गेली. तिच्या पाठीवरच्या लॅपटॉपात मीही होतो.

"मामा, ह्या कोऱ्या रकान्यांत शून्य का नाही लिहिलं?"

"विहिरीला शून्य लिवत न्हाईत, बाई. पाणी रुसतंय. कोरं ठेवलं की कळतंय की सगळ्यास्नी." मल्लप्पाने मापाची दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. "तुमाला न्हाई कळलं व्हय?"



परत आल्यावर तिने माझ्यातली एकच ओळ बदलली. आता कोरा रकाना दिसला की मी थांबतो आणि विचारतो, "माप राहिलं, की विहीर कोरडी?" मग तिने एकशे पाचवी चाचणी लिहिली. तिचं नाव 'निंगव्वा'. त्यानंतर तिने मला उघडलेलं नाही. कार्यालयानेही मला काढून टाकलं.

मित्रांनो, माझ्यासारखं काही बनवाल तेव्हा माप घेणाऱ्याला आधी भेटा. कोऱ्या जागेत काय आहे, ते त्यालाच ठाऊक असतं.

आजही कुणी अनोळखी मला तपासायला घेतं, तेव्हा निंगव्वाची चाचणी चालते. आठ कोरे रकाने, एक अकरा. मी थांबतो. विचारतो.

आता मी दरवेळी पास होतो.