पटक्रमांक तेवीस

उत्कर्षाने सर्व्हरला क्वेरी म्हणजे विचारणा चालवली आणि शाळेच्या नोंदींची सगळी टेबलं आकाराप्रमाणे पडद्यावर ओळीने आली: गुणपत्रकं, दाखले, पोषण आहार, ग्रंथालय. शुक्रवार पेठेतल्या या शाळेचा जुना सर्व्हर आज संध्याकाळी बंद व्हायचा होता. यादीतली टेबलं नव्या सर्व्हरवर न्यायची, बाकीची सोडून द्यायची, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. यादीवर त्यांनी न वाचताच सही ठोकली होती, ही गोष्ट वेगळी.

अगदी तळाला एक टेबल होतं, ‘पट तेवीस’ नावाचं. आकार चौसष्ट केबी. त्यात एक धड फोटोही मावला नसता. यादीत त्याचं नाव नव्हतं. शेवटचा बदल मात्र आजचाच, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी.

तिने ते उघडलं. शाळेच्या प्रत्येक दिवसाची एक ओळ. नाव श्रावणी. इयत्ता चौथीपासून, दर जूनला एकेक वाढत आता दहावी. शेरा सगळीकडे एकच: हजर.

उत्कर्षाने ते नाव पुन्हा वाचलं. श्रावणी चौथीत असताना तापाने गेली होती. गेलेल्या मुलाचा पटक्रमांक त्याची तुकडी शाळेबाहेर पडेपर्यंत कुणाला द्यायचा नाही, अशी या शाळेची जुनी रीत. श्रावणीचे वडील वेणीमाधव सर संगणक विभाग सांभाळत. त्यांनी लेकीचा क्रमांक नुसता रिकामा ठेवला नसणार, रोज आपोआप हजेरी लागेल अशी सोय करून ठेवली असणार. उत्कर्षाला सरांची फार आठवण आली आणि थोडा रागही आला. स्वतः दिवाळीत वारले आणि संगणक विभागासोबत हेही तिच्या गळ्यात टाकून गेले.

ती सोय शोधायला तिने सेटिंग तपासली. ठरल्या वेळी कामं करणारा शेड्युलर बंद होता. सर गेल्यानंतर सर्व्हर एकदा बंद पडून सुरू झाला, तेव्हापासून बंदच.

मग या ओळी घालतंय कोण? आत्ता कोणकोण जोडलेलं आहे, हे तिने विचारलं. दोन नावं आली. एक तिचं स्वतःचं. दुसरं शिक्षकांच्या खोलीतून, प्रेमला. सरांच्या पत्नी, मराठीच्या बाई.

ती तडक तिकडे गेली. बाई वह्या तपासत होत्या.

“बाई, श्रावणीची हजेरी तुम्ही भरता का?”

“मी नुसती बघते गं. ह्यांनी मला तेवढंच उघडून दिलं होतं.” बाईंनी हातातली वही मिटली. “हे गेल्यावर वाटलं, आता बंद होईल. झालं नाही की.”

उत्कर्षाने परत येऊन बाईंचे अधिकार पाहिले. फक्त वाचन. लिहिण्याचा पासवर्ड तिच्या एकटीकडे होता.

टेबल सोडून दिलं असतं तर एका बाईंखेरीज कुणी विचारलं नसतं. भीती तर वाटतच होती, पण ती मिटलेली वही डोळ्यांपुढून हलेना. दहावीची तुकडी मार्चमध्ये बाहेर पडणार. तोवर तरी पोरीचा क्रमांक राहायला हवा. तिने यादीत सहीच्या वर दाटीवाटीने एक नाव वाढवलं, टेबल नेलं आणि जुन्या सर्व्हरची वायर काढली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच बाई संगणक खोलीत येऊन बसल्या. उत्कर्षाने नव्या सर्व्हरचा शेड्युलर पुन्हा तपासला. बंद.

दहा दहा झाले. तिने क्वेरी चालवली. कालचीच ओळ.

दहा अकरा. दहा बारा. उत्कर्षाला बाईंकडे बघवेना. आपणच काहीतरी तोडलं, असं तिला वाटू लागलं.

“बाई, मी माझ्या हाताने घालू का ओळ?”

“नको. नवी जागा आहे, सापडायला वेळ लागेल की.”

बाई उठल्या. एसीसाठी लावून घेतलेलं दार त्यांनी सताड उघडलं आणि परत येऊन बसल्या. बाहेर व्हरांडा रिकामा होता.

दहा चौदाला उत्कर्षाने पुन्हा क्वेरी चालवली. एक ओळ वाढली होती. श्रावणी, इयत्ता दहावी. एवढ्या वर्षांत शेरा पहिल्यांदाच बदलला होता: उशिरा.

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

“आता दार लाव,” त्या म्हणाल्या.