रेघ कुठून थरथरते

या वयात लोक काठी विकत घेतात; सासरेबुवांनी थ्रॉटल बॉडी विकत घेतली. तीही गाडीच्या मूळ कंपनीची नव्हे, मोठ्या तोंडाची, शर्यतवाले बसवतात तसली. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. पायाखालचं पेडल दाबलं की केबल ओढली जाते आणि झडप उघडते. तोंड मोठं तर हवा जास्त, आणि हवा जास्त तर गाडी चपळ, असा साधा हिशेब. "शिंगं मोडून वासरांत शिरणं म्हणतात ते हेच," त्यांचा मुलगा म्हणाला होता. सासरेबुवा त्यावर खूश होऊन हसले होते.

ती बसवून दिली सुनेने. गाड्यांचं वायरिंग हा तिचा धंदा आणि घरामागची पत्र्याची शेड हे तिचं दुकान. काम तिने चोख केलं होतं. तरी त्या दिवसापासून गाडी धक्के खायला लागली, आणि गंमत अशी की सासरेबुवा चालवत असतील तेव्हाच. नवऱ्याने चालवली की गाडी लोण्यासारखी.

नवऱ्याने दोन घास खाता खाता निकाल देऊन टाकला. बाबांना आता गाडी झेपत नाही, विकून टाकू. सासरेबुवा ताटातला भात चिवडत बसले. सुनेला ते बघवेना. आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाकडून किल्ली काढून घेणं म्हणजे त्याला घरात कोंडणंच की.

"दोष बाबांचा नाही, सेन्सरचा आहे," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत सिद्ध करून दाखवते. नाही जमलं तर खुशाल विका."

झडप किती उघडली आहे हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगणं हे या सेन्सरचं काम. त्याच्या सांगण्यावर कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. आता सांगणाराच थापाड्या निघाला तर ऐकणाऱ्याने काय करावं? नव्या बॉडीबरोबर आलेला हा सेन्सर तसलाच असणार, याबद्दल सुनेच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

शनिवारी सकाळी गाडी शेडमध्ये आली. सुनेने बाजूच्या सीटवर लॅपटॉप ठेवला, त्याची वायर गाडीला जोडली. सेन्सर जे सांगेल ते पडद्यावर रेघेच्या रूपात उमटणार होतं.

"बाबा, थोडंसं दाबा आणि तिथेच धरून ठेवा."

रेघ वर चढली आणि तिथे सरळ राहण्याऐवजी थरथरू लागली. बारीक, एकसारखी, लाजाळू थरथर. सुनेचा जीव भांड्यात पडला.

"सापडला चोर," ती म्हणाली. "झडप एका जागी आहे आणि हा गडी सांगतोय की हलतेय."

"पण असा एका तालात का खोटं बोलतोय?" सासरेबुवा पडद्याकडे वाकून म्हणाले. "बिघडलेली वस्तू कशीही वागते गं. ही तर शिस्तीत थरथरतेय."

प्रश्न चांगला होता, म्हणूनच सुनेने तो उडवून लावला नाही. आधी तिने अर्थिंगची वायर घासून घट्ट केली. रेघ थरथरली. मग सेन्सरची वायर ठिणगी पाडणाऱ्या कॉइलपासून लांब बांधली, कारण कॉइलजवळून गेलेली वायर नको ते कानावर घेते. तरी थरथर होतीच. सेन्सरचे स्क्रू सैल करून तो जरा फिरवला, पुन्हा आवळला. शेवटी वैतागून जुन्या बॉडीवरचा सेन्सर काढून बसवला. तो इतकी वर्षं इमानेइतबारे चाललेला होता. त्यानेही तेच सांगितलं.

"दोघंही एकच थाप मारतात म्हणजे कमालच आहे," सासरेबुवा म्हणाले. त्यांना आता मजा यायला लागली होती.

सुनेने बॉनेटखाली हात घालून झडप बोटांनीच उघडून धरली. रेघ सरळसोट. म्हणजे सेन्सर बरा, वायर बरी. राहिली केबल. तिने केबलला तेल दिलं, पेडलपर्यंत हाताने चाचपून बघितली. कुठे अडत नव्हती. सासरेबुवांनी पेडल धरलं आणि रेघ पुन्हा थरथरली.

सुनेचे संशयित संपले. ती बंपरवर टेकून हात पुसत उभी राहिली. एकेक पार्ट बदलत जायचं, हीच तिची पद्धत. बदलायला आता काही उरलं नव्हतं.

सासरेबुवा निवृत्त मोजणीदार. जमिनी मोजण्यात त्यांची उमर गेली होती. ते जरा वेळ स्टीअरिंगवर बोटं वाजवत बसले.

"आमच्यात एक रीत होती," ते म्हणाले. "आकडा पटला नाही तर यंत्राला हात लावायचा नाही. आधी माणूस बदलायचा. दुसऱ्याने डोळा लावून बघायचं, मग यंत्राला शिव्या द्यायच्या." दार उघडून ते खाली उतरले. "बस तू."

सून बसली. तिने पेडल दाबून धरलं. रेघ वर गेली आणि दोरी ताणावी तशी सरळ राहिली.

"इंजिन आता तापलंय," ती घाईघाईने म्हणाली. "तापल्यावर कधी कधी—"

"उतर."

ते पुन्हा बसले आणि रेघ थरथरली. मग त्यांनी उजवा पाय उचलून बाजूला ठेवला आणि अंग तिरकं करून डावा पाय पेडलवर ठेवला. रेघ सरळ. पुन्हा उजवा, पुन्हा थरथर. हे त्यांनी इतक्या शांतपणे केलं, जणू पाय दुसऱ्याच कुणाचे होते. सकाळपासून सून हौसेने चोर शोधत होती, आणि चोर कुठे निघावा.

"मला वाटायचं, गाडी माझ्या पायाला हलवते," सासरेबुवा म्हणाले.

मग पायाकडे बघत त्यांनी विचारलं,

"मग आधी धक्के का बसत नव्हते?"

"जुन्या झडपेचं तोंड लहान होतं, बाबा. एवढंसं हललेलं ती पोटात घालायची. ही मोठी आहे, हिला जरा हललं तरी जाणवतं." बोलता बोलता तिच्या डोक्यात वीज चमकली. "जुनी परत बसवते मी. अर्ध्या तासाचं काम. धक्के जातील. ह्यांना काही सांगायला नको."

तिने पाना उचललासुद्धा. सासरेबुवा तिच्याकडे बघत राहिले.

"धक्के जातील. आणि पाय?"

सुनेने पाना खाली ठेवला. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता.

तेवढ्यात नवरा शेडच्या दारात आला. "काय, सापडला का दोष?"

"सापडला," सासरेबुवाच म्हणाले. "सेन्सर खणखणीत आहे. माझा उजवा पाय थरथरतो."

नवरा तरी वेगळं काय म्हणत होता? पण जिंकल्याचा मागमूसही त्याच्या तोंडावर नव्हता. तो वडिलांच्या पायाकडे बघत उभा राहिला. "कधीपासून, बाबा?"

"मला आजच कळलं. गाडीला आधी कळलं होतं." सासरेबुवा उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले. "विकायचं मात्र नाव काढू नकोस. चालवणारी आहे घरात. डॉक्टर दुपारपर्यंत असतात ना? चल गं, तू चालव."

त्यांनी लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला आणि बसले. सुनेने वायर काढायला हात पुढे केला, तर म्हणाले, "असू दे."

गाडी रस्त्याला लागली. धक्का नाही, काही नाही. सून समोरच बघत होती. सासरेबुवा मात्र पडद्यात डोकं घालून बसले होते.

"सिग्नल आला की तू पेडल एकदम सोडतेस," ते म्हणाले. "बघ, रेघ कशी कड्यावरून पडल्यासारखी पडते. हळूहळू सोड."

पुढच्या सिग्नलला तिने हळूहळू सोडलं. "आता?"

"आता बरोबर," ते म्हणाले. एका हाताने त्यांनी आपला उजवा गुडघा दाबून धरला होता, आणि नजर रेघेवरच होती.