चावडीवर वाचलेलं पत्र

“चुकलं,” म्हाळूबा म्हणाला. हातातली कातर थांबली नाही. मांडीखाली दाबलेली मेंढी त्यानं कुशीवर वळवली आणि पोटाकडची लोकर काढायला घेतली. “पुन्ना म्हन.”

मी पुन्हा म्हटलं. झ पार्ले, त्यू पार्ले, इल पार्ले, नू पार्ल्यों, व्हू पार्ल्ये, इल पार्ले. मी बोलायचे, तू बोलायचास, तो बोलायचा. अडीचकीचा पाढा म्हणावा तसं, एका दमात.

“नाकातून. पार्ल्यों. नाक कशाला दिलंय देवानं, नथ घालाया?”

असा माझा गुरू. शाबासकी म्हणून कधी द्यायचा नाही. एका पोरीला काही येतं याचाच त्याला राग असावा असं तोंड करून बसायचा. तरी त्या सुट्टीत मी रोज सकाळी त्याच्या वस्तीवर जायचे, कारण सगळ्या बीड जिल्ह्यात फ्रान्सची भाषा येणारा तो एकटा होता आणि दुसरी मी होणार होते. बीडात मोहनकाकांच्या घरी राहून मी शाळा शिकत होते. उर्दू येत होती, इंग्रजीचं दुसरं पुस्तक संपलं होतं. पाटलाची कौशी जमिनीपासून वीतभर वर चालते असं बायका नदीवर म्हणायच्या. खरंच चालत होते मी.

म्हाळूबा मोठ्या लढाईत सरकारी खेचरांवर होता. फ्रान्सातल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात त्यानं खेचरांसोबत दोन हिवाळे काढले. त्या घरात ओदेत नावाची दहा वर्षांची पोर होती. रोज दिवेलागणीला ती क्रियापदांचा धडा घोकायची. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मला पाठ झालं, असं म्हाळूबा सांगायचा. निघताना तिनं त्याला आपली वही दिली. निळ्या पुठ्ठ्याची, जांभळ्या शाईची. त्याला वाचता येत नव्हतं. इंग्रजीमुळे ती अक्षरं मला लागत होती. त्याच्याकडं आवाज होता, माझ्याकडं अक्षरं. दोघांचं मिळून एक शहाणं माणूस व्हायचं. वहीत सगळा एकच काळ होता, जे रोज घडायचं आणि आता घडत नाही त्याचा. त्या शेवटच्या हिवाळ्यात तिचा तेवढाच धडा चालू असणार. झ मांझे, मी खायचे. झ ब्यूव्हे, मी प्यायचे. अधूनमधून तो घरातले शब्द सांगायचा. मेज, कढण, पेला, बाप. मी वहीच्या कडेला लिहून घ्यायचे.

गावाला हे काही आवडत नव्हतं. त्याला ‘फरांसवाला’ म्हणायचे ते कौतुकानं नव्हे. समुद्र ओलांडून आलेला माणूस जातीत घ्यायचा की नाही यावर धनगरांचे पंच दोन दिवस बसले होते. शेवटी पंचांचे म्होरके तात्याबा यांनी त्याच्या तळहातावर बिरोबाचा भंडारा ठेवला. परक्याच्या हातचं खाल्लं नाही, परक्याच्या भांड्यातलं प्यालो नाही, असं म्हण म्हणाले. म्हाळूबानं म्हटलं. त्या साली बिरोबाच्या जत्रेत त्याच्या घरचं दूध कढईत पडलं. कढई एकच असते. घरोघरचं दूध तीत ओततात, खीर होते, आणि ज्याचं दूध कढईत तो जातीत. एवढा साधा हिशोब. पटलं नाही ते फक्त बंकटला. बंकट त्याचा चुलतभाऊ. म्हाळूबा गेला तेव्हा त्याच्या मेंढ्या बंकटनं राखल्या होत्या, आणि तो परत येईल असं त्यानं धरलं नव्हतं.

जत्रा आठ दिवसांवर आली असताना टपालाचा हरकारा म्हाळूबाच्या नावाचं पाकीट घेऊन आला. पाकिटावर मी सात शिक्के मोजले. ते पलटणीच्या ठाण्यावरून हिंडत हिंडत आलं होतं.

आमच्याकडं पत्र चावडीवर वाचतात. ज्याचं असेल त्याला बोलावतात, पुढं बसवतात, आणि लिहिता-वाचता येणारा मोठ्यानं वाचतो. माझ्या वडिलांचंही तसंच, गावातल्या फकिराचंही तसंच. घरी नेलं तर त्यात काहीतरी आहे असंच लोक धरतात. त्या दिवशी मात्र वाचणाऱ्यांपैकी कुणाला एक अक्षर लागेना. वडिलांनी, म्हणजे विठ्ठलराव पाटलांनी, गडी पाठवून मला बोलावलं. मुली चावडीची पायरी चढत नाहीत. मी चढले. परकराचा घोळ सावरायचंही सुचलं नाही, एवढा हर्ष.

म्हाळूबा आला तो तसाच, अंगरख्याला लोकर चिकटलेली. पाकिटावरची जांभळी शाई त्यानं पाहिली आणि त्याचं तोंड असं काही झालं की मी दुसरीकडं पाहिलं. मग तो वडिलांना म्हणाला, “घरी नेऊन वाचलं तं, पाटील?”

“कावून?” बंकट बोलला. “पाटलाचं पत्र चावडीवर, अन् तुझं लई मोठं हाय का?”

म्हाळूबा खाली बसला.

मी एकेक ओळ आधी त्या भाषेत वाचत होते, मग मराठीत सांगत होते. कुठला शब्द नडेल म्हणून धास्तावले होते, पण सगळे शब्द माझेच निघाले. त्यानंच दिलेले, वहीच्या कडेला लिहिलेले. प्रिय म्हाळू. मी ओदेत. बाबा गेल्या हिवाळ्यात वारले. तुझी फार आठवण काढायचे. संध्याकाळी तू खेचरांना दाणा घालायचास. मी धडा म्हणायचे, तू माझ्यामागं म्हणायचास, आणि तुझं चुकलं की आई हसायची.

लोकही हसले. तात्याबासुद्धा मिशीत हसले. मला वाटलं, मी चावडीच्या छपराला टेकले.

“बास, आक्का,” म्हाळूबा म्हणाला. “बाकीचं ऱ्हाऊ दे.”

इतक्या हळू तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. लाजला, असं मी समजले. थांबले मात्र. खरंच थांबले होते.

“अडली वाटतं,” बंकट म्हणाला. “बीडाची इद्या सा वळीत सपली.”

पुन्हा हसले सगळे, पण या वेळी मला. माझे कान तापले. मी कागद उचलला आणि उरलेलं एका श्वासात वाचलं, मराठीतही तसंच, धडाधडा. तू आमच्या मेजावर बसायचास, भिंतीकडच्या जागेवर. आई कढण वाढायची आणि तू आमच्याबरोबर खायचास. तू बाबांच्या पेल्यातून प्यायचास, म्हणून जाताना बाबांनी तो पेला तुलाच दिला.

“बरोबर ना, म्हाळूबा?” मी विचारलं. हेही विचारलं मी.

कुणीच हसलं नाही. तेव्हा कुठं मी काय वाचलं ते मला ऐकू आलं. तोवर मी फक्त क्रियापदं वाचत होते.

तात्याबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. “पेल्यातून प्यालास?”

“प्यालो.”

“त्येंच्यात बसून खाल्लंस?”

“व्हय.”

“भंडारा उचलला व्हतास, म्हाळू.”

“उचलला व्हता.”

“मंग?”

म्हाळूबानं अंगरख्यावरची लोकर वेचून मुठीत घेतली. “तिथं थंडी लई व्हती,” तो म्हणाला. “अन् मला घरी यायचं व्हतं.”

एवढं बोलून तो उठून गेला. पत्र माझ्याच हातात राहिलं. शेवटची एक ओळ वाचायची राहिली होती.

घरी मी वडिलांशी भांडले. तुम्ही पाटील आहात, तात्याबांना सांगा, चूक माझी आहे, असं मी म्हणाले. वडील म्हणाले, जातीचं जात बघेल, पाटलानं त्यात तोंड घालायचं नसतं. वर म्हणाले, “तू होतं तेच वाचलंस.” हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असावं.

दुसऱ्या दिवशी पत्र द्यायला वस्तीवर गेले. रतनबाई, म्हाळूबाची बायको, मेंढवाड्याच्या कुंपणाशीच उभी होती. तिनं दाराची काटेरी फांदी बाजूला केली नाही.

“आता काय वाचायला आलीस?” ती म्हणाली.

मी परत आले.

जत्रेच्या दिवशी ऊन तापायच्या आत कढई चढली. बाया दुधाच्या चरव्या घेऊन रांगेनं आल्या. रतनबाई शेवटी होती. तिचा नंबर आला तसा बंकटनं कढईच्या तोंडावर हात आडवा धरला. तात्याबा देवाकडं बघत राहिले. ती तशीच उभी होती, भरली चरवी दोन्ही हातांत धरून, आणि मागून म्हाळूबा आला. त्यानं चरवी घेतली. मला वाटलं ओतून टाकील, नाहीतर बंकटच्या डोक्यात घालील. कढईपासून वीस पावलांवर, सगळ्यांच्या नजरेसमोर, कडुलिंबाखालच्या दगडावर तो जाऊन बसला. खांद्यावरच्या घोंगडीच्या घडीतून त्यानं एक पेला काढला. पत्र्याचा, पांढरा, निळ्या काठाचा, एका जागी टवका उडालेला. गेली सात वर्षं तो गावात कुणी पाहिला नव्हता.

त्यानं दूध ओतून घेतलं आणि प्याला. घाई केली नाही. पुन्हा भरला आणि रतनबाईपुढं धरला. तिनं एकदा रांगेतल्या बायांकडं पाहिलं, पदर पुढं ओढला आणि प्याली.

मी वडिलांच्या शेजारून निघाले. वडील “कौशे” म्हणाले ते मी ऐकलं. लिंबापाशी जाऊन मी पत्र उघडलं आणि राहिलेली ओळ वाचली, त्याच भाषेत, हळू, नाकातून. मराठीत सांगितली नाही.

म्हाळूबानं माझ्याकडं पाहिलं नाही.

“काय म्हनती?” रतनबाईनं त्याला विचारलं.

“भिंतीकडची जागा हाय म्हनती,” तो म्हणाला. “कुनाला बसू देत न्हाईत.”

मी पत्र दगडाशेजारी ठेवलं, वर खडा ठेवला. तो माझ्याशी बोलला नाही. अजून बोलत नाही.

चरवी रिकामी झाली तेव्हा तिकडं खिरीची पंगत बसत होती. त्यानं मूठभर माती घेऊन पेला आतून-बाहेरून घासला, चरवीतल्या शेवटच्या थेंबांनी विसळला. घोंगडीत मात्र परत ठेवला नाही. दगडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, वाळायला पालथा घातला.