जयंतीचे बांबू

आम्रपालीची कयाक फायबरची होती. लांब, अरुंद, एकाच माणसाची, दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालणारी. तिचे वडील नागसेन यांनी लष्करातून निवृत्त होताना ती लिलावात घेतली होती. राज्याची निवड चाचणी ऑगस्टमध्ये होती आणि जमिनीवर पडून पडून कयाकचा तळ एका जागी चेपू लागला होता. तडा गेला असता तर चाचणी तिथेच संपली असती. आमच्या सांगलीत दुसरी कयाक नव्हती.

मी समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहते आणि महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून कयाक ठेवायच्या रॅकचे काम माझ्याकडे आले. आधार दोन, प्रत्येक टोकापासून पाचव्या हिश्शावर. तिथे नाव सर्वांत कमी वाकते. आधार मऊ हवा, म्हणून जुन्या पलंगाची नवार. ती ताणून बांधायला बांबूंच्या दोन जोड्या, प्रत्येक जोडीत नावेच्या दोन्ही बाजूंना एकेक बांबू.

बांबू नागसेन यांनी आणले. कयाक त्यांच्या अंगणातल्या उघड्या शेडमध्ये असे; बांबू थेट तिच्या पत्र्याला भिडत होते.

"हे कमरेएवढे कापा," मी म्हणाले.

"न्हाई बाई. जयंतीच्या मांडवाचे हायेत. पुढच्या चौदा एप्रिलला कमिटीला सबंध परत द्यायचेत."

"मग वरचा भाग नुसता उभा राहणार. त्याचा उपयोग काय?"

"आवं बाई, लय झ्याक दिसंल," आम्रपाली म्हणाली. "नावेला मखर!"

बांबू खाली पुरले, वर छपराच्या वाशाला बांधले. मला ते कुरूप वाटले.

जुलैअखेर बापलेक वडूजला पाहुण्यांकडे गेली आणि मागे नदी चढली. रस्ते बंद झाले. एसटीडी बूथ पाण्यात गेल्याने त्यांना कळवण्याचीही सोय उरली नाही. गल्लीत फुगवट्याचे पाणी शिरले, संथ आणि तपकिरी. समोरच्या उघड्या शेडमध्ये ते नवारीला लागले तेव्हा मी खिडकीत होते. कयाक उचलली जाईल, फिरेल आणि भिंतीवर आपटेल, असे माझे अनुमान होते.

ती उचलली गेली. फिरली नाही. चार बांबूंमधून ती सरळ वर चढू लागली. पुढे सरकली की तिचे फुगीर पोट पुढच्या जोडीत अडे, मागे सरकली की मागच्या जोडीत. मी यातले काहीही योजले नव्हते.

खालच्या मजल्यावरच्या बनाबाई माझ्याकडे आश्रयाला आल्या होत्या. "बगा," त्या म्हणाल्या, "म्या किस्नामाईची ओटी भरली व्हती."

"बनाबाई, पाणी नाव उचलतंय आणि बांबू तिला धरतायत."

"व्हय, पर धरा म्हून त्यास्नी सांगितलं कुनी?"

जयंती कमिटीने, हे उत्तर बरोबर होते. ते द्यावेसे वाटले नाही.

पाणी उतरू लागले. कयाक खाली येताना दिसत नव्हती; बांबूचे एकेक पेर तिच्या वर उघडे पडत गेले, तेवढ्यावरून कळे. शेवटी ती नवारीवर टेकली, पाचव्या हिश्शावर. मी कारणे पुन्हा तपासली. सगळी जुळत होती. तरीही खिडकीतून पाय निघेना.

रस्ता खुला होताच बापलेक परतली. आम्रपाली चिखल तुडवत शेडमध्ये शिरली, मागोमाग नागसेन आणि मी. तिने तळाखालून तळहात फिरवला, टोकापासून टोकापर्यंत.

"तडा न्हाई," ती हळू म्हणाली. "बाई, पानी कुठवर आलतं?"

मी वर बोट केले. बांबूंवरची गाळाची रेघ तिच्या डोक्याच्याही वर होती. तिघेही मान वर करून बघत राहिलो.

"बाई," नागसेन म्हणाले, "आता कापू का कमरेएवढे?"