दत्तूमहाराजांचं यंत्र आणि रखडलेला सर्व्हर

अंबडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत २००६ साली सर्व्हरच्या खोलीबाहेर एकच गर्दी झाली होती. कापराचा धूर, सर्व्हरवर मंतरलेलं तांब्याचं यंत्र आणि समोर दत्तूमहाराज.

"सगळ्यांनी हात जोडा, डोळे मिटा! रोहित, तू एकट्यानं बटण दाब."

रोहितनं दाबलं. सर्व्हरवरून प्रोग्रॅम उतरवून घ्यायचं, रोज पाऊण तास रखडणारं काम क्षणात झालं. एकच जयजयकार उठला.

उज्वला मात्र जिन्यापाशी उभी होती. तिला तिकडे यायची बंदी होती.

सगळ्यांचे प्रोग्रॅम एका जागी जपणारी, कोणी कधी काय बदललं ते दाखवणारी नवी सिस्टीम तिनेच आणली होती. पण आल्यापासून रोज सकाळी सगळे ताटकळायचे. कामं अडली, साहेब घाबरले आणि कोणीतरी महाराजांना आणलं. महाराजांनी खोली हुंगली. "लहरी उलट्या वाहतायत! हे नवं काम सुरू कुणाच्या हातून झालं?"

उज्वलाचा नवरा त्याच वर्षी गेला होता. पुढे कोणी काही विचारलंच नाही. तिची खुर्ची जिन्याखाली गेली. रोज तिच्याबरोबर डबा खाणारी तृप्तीही नजर चुकवू लागली. खरंच माझ्यामुळे तर नसेल, असं एकदा उज्वलालाही वाटून गेलं, आणि त्या विचाराचीच तिला धास्ती बसली.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं रखडलं. महाराज फोनवर म्हणाले, "ती बाई अजून त्या इमारतीत आहे ना?"

साहेबांनी तिला बोलावलं. "उद्यापासून काही दिवस घरीच थांबा."

"थांबते. पण आधी ते यंत्र बाहेर ठेवून बघू."

"कोप झाला तर?"

"माझ्यावर होऊ दे. माझं आणखी काय जायचं राहिलंय?"

साहेबांनी मान डोलावली. यंत्र बाहेर गेलं. तिनं सगळ्यांना उठून उभं राहायला लावलं. एकट्या रोहितनं बटण दाबलं. काम क्षणात झालं!

"आता यंत्र आत ठेवा. सगळ्यांनी आपापलं फोल्डर पुसा आणि एकदम बटण दाबा."

यंत्र जागेवर असूनही संगणकांचे पडदे गोठले.

"सगळे प्रोग्रॅम आपल्या संगणकावर एकदाच उतरवायचे असतात," उज्वला म्हणाली. "नंतर फक्त बदल येतात. तुमचा नव्या सिस्टीमवर विश्वास नाही, म्हणून तुम्ही रोज सगळं पुसता आणि एकाच वेळी पुन्हा मागता. पूजेच्या वेळी, मघासारखंच, रोहितकडे सगळं आधीच होतं, आणि बाकीच्यांचे हात जोडलेले होते. मग सर्व्हरवर ताण येणार कुठून?"

रोहितचा चेहरा उतरला. "सकाळचं कुणाचं उतरवून झालंय, ते महाराजांनी मला आधीच विचारलं होतं."

साहेब पुटपुटले, "असू दे यंत्र कोपऱ्यात. त्यानं कुणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडलं, साहेब," ती म्हणाली.

खुर्ची परत आली. तृप्ती डबा घेऊन आली, रडलीही. उज्वलानं तिला घास दिला, पण पूर्वीसारखं बोलणं झालं नाही.

चमत्कार दिसला तर तो आपण स्वतः पुन्हा करून पाहावा, बुवाशिवाय आणि यंत्राशिवाय. आणि तो सिद्ध करायला एखाद्या माणसाला अपशकुनी ठरवावं लागत असेल, तर तपासाचीही वाट पाहू नये. त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभं राहावं.