मनोहरकाकांचा सोफा

अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलमध्ये मनोहरकाकांच्या दिवाणखान्याइतका राखून ठेवलेला दिवाणखाना दुसरा नव्हता. वापर म्हणून त्याचा कधी झालाच नाही. पांढरा सोफा, त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक, आणि पाहुण्यांना खाली बेसमेंटमध्ये सतरंजी. सोफ्यावर बसायचे एकटे काका. तेही एका कडेला, संध्याकाळी, चहाची हाक येईपर्यंत. गेल्या हिवाळ्यात काका गेले. सोफा कोरा राहिला.

शूटिंगसाठी घर शोधत आलेले ब्रिटिश सिनेमावाले भाळले ते या कोरेपणावरच. सिनेमा विनोदी. अमेरिकेतला कंजूष करोडपती मरतो आणि लंडनहून आलेले भाचे-पुतणे त्याच्या खुर्च्या-पलंगांवर तुटून पडतात. काकांच्या मुलानं, अनीशनं, सांता क्लारातल्या आपल्या घरून परस्पर होकार कळवला. आईला म्हणाला, "शूटिंगच्या निमित्तानं घर क्लीन होईल. मग लगेच विकायला लिस्ट करू. यू मूव्ह इन विथ अस."

मीनाक्षीकाकू हो म्हणेनात की नाही म्हणेनात. मी शेजारीण, म्हणून मला एकदा म्हणाल्या, "रुपाली, हे अजून बसलेत गं तिथं. ते उठल्याशिवाय मी घर सोडून कशी जाऊ?"

मी ते दुःखाच्या खाती मांडलं आणि भाजीचा विषय काढला.

शूटिंगच्या दिवशी सिनेमावाल्यांच्या पोरांनी प्लास्टिक ओरबाडून गराजमधल्या कचऱ्याच्या डब्यात कोंबलं. मग कॅमेरा सुरू झाला. लोभी पुतण्या झालेला नट धावत आला आणि सोफ्यावर पसरला. लगेच साउंडवाल्या हेलनबाईंनी हात वर केला. हेडफोनमध्ये चुरचुर येतेय, कुणीतरी प्लास्टिकवर बसलंय म्हणे.

उशा उलटल्या. फ्रिज बंद केला, हीटिंग बंद केलं. बाहेर बर्फ, आत सगळ्यांच्या तोंडातून वाफ. पुन्हा तेच, चुरचुर. डायरेक्टर हेलनवर खेकसला, मग पुतण्यावर. "अख्खा सोफा गिळायचाय तुला, मग असा अंग चोरून का बसतोस?"

पुतण्यानं डाव्या कडेकडे पाहिलं. "माहीत नाही," तो म्हणाला. "तिकडे जागा नाहीये."



काकूंनी हेलनचे हेडफोन मागून घेतले. बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे वळून, दूधवाला आल्याचं सांगावं तशा म्हणाल्या, "पाय हलवतायत. चहाला उशीर झाला की असंच करतात."

हेडफोन माझ्या हातात देऊन त्या किचनमध्ये गेल्या. त्यांना थांबवावं असं डायरेक्टरलाही सुचलं नाही. आलं किसल्याचा वास आला. मी हेडफोन कानाला लावले. हेलन दुसरी बाजू धरून माझ्या गालाला गाल लावून उभी.

"अहो, चहा गाळलाय!"

चुर्र. मग थोडं थांबणं. काकांचे गुडघे धरायचे. आणि मग ती लांबलचक चुरचुर, प्लास्टिक अंगाखालून सुटतं ती. पुढे काहीच नाही. हेलननं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

किचनमधून बशीचा आवाज आला. काकू हळू आवाजात बोलत होत्या, "घ्या. आणि ऐका, आपल्याला अनीशकडे जायचंय."

पुढच्या टेकला पुतण्या सोफ्यावर पार आडवा झाला, डाव्या कडेवर डोकं टाकून. आवाज स्वच्छ. डायरेक्टरनं टाळ्या वाजवल्या. हेलन मात्र सोफ्याकडे पाहत नव्हती, किचनच्या दाराकडे पाहत होती.

महिन्याभरानं अनीश न्यायला आला. काकूंची बॅग उघडी होती. पैठणीवर, पैठणीसारखीच घडी घालून, ते प्लास्टिक. कचऱ्याच्या डब्यातून काढून धुतलेलं.

"आई, सीरियसली? माय काउच इज लेदर!"

"असू दे. त्यांना बसायला लागेल ना."

अनीशनं डोळे फिरवले, बॅग बंद केली आणि गाडीच्या ट्रंकमध्ये टाकली, जरा आदळूनच.

"अरे, हळू!" काकू ओरडल्या.

त्यांच्याबरोबर मीही ओरडले होते.